नायलॉन : घटकांचे प्रमाण आणि वितळणबिंदू

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील वाळूज व चिकलठाणा औद्योगिक वसाहतींत वाहनांच्या सुट्या भागांचा उद्योग वाढला. अशा भागांसाठी जगभर वापरले जाणारे एक प्लास्टिक म्हणजे नायलॉन. मात्र नायलॉन हे एका कुळाचे नाव आहे. इंजिनाजवळच्या भागासाठी दाणे निवडताना त्यातील घटकांचे प्रमाण चुकले, तर तोच भाग उष्णतेने मऊ पडू शकतो.

अमेरिकेत वॉलेस कॅरोथर्स यांच्या गटाने १९३५ मध्ये नायलॉन ६६ तयार केले; जर्मनीत पॉल श्लॅक यांनी १९३८ मध्ये कॅप्रोलॅक्टमपासून नायलॉन ६ बनवले. पहिले सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळते, दुसरे सुमारे २२० अंशांना. दोहोंचे घटक एकाच साखळीत गुंफून सहबहुवारिक बनवले, तर वितळणबिंदू २४० च्या आसपास यावा, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात बाजारातील असे अनेक प्रकार १९० ते २०० अंशांनाच वितळतात.

कारण साखळ्यांच्या मांडणीत आहे. शेजारच्या साखळ्यांतील अमाइड गट हायड्रोजन बंधांनी जोडले जातात व स्फटिक बनतो. नायलॉन ६ मध्ये हे गट एकाच दिशेने असतात, नायलॉन ६६ मध्ये आलटून-पालटून. मध्येच परका घटक आला की बंधांचा मेळ चुकतो. सलग एकसारखे तुकडे आखूड होतात, स्फटिक पातळ व सदोष राहतात, आणि पातळ स्फटिक लवकर वितळतो. परक्या घटकाचे प्रमाण व वितळणबिंदूची घसरण यांचा गणिती संबंध पॉल फ्लोरी यांनी १९४० च्या दशकात मांडला. त्यांना १९७४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

स्फटिकीभवनाचा वेगही मंदावतो. साच्यातून भाग चटकन काढू पाहणाऱ्या कारखानदाराला ही अडचण वाटते. अन्नपदार्थांच्या वेष्टनासाठी पारदर्शक, ताणता येणारी फिल्म बनवणाऱ्याला हाच गुण हवा असतो. मासेमारीच्या लवचिक दोऱ्यांतही असे नायलॉन वापरतात.

नियमाला अपवादही आहे. नायलॉन ६६ मधील ॲडिपिक आम्लाच्या जागी टेरेफ्थॅलिक आम्ल घातले, तर दोहोंची लांबी जवळपास सारखी असल्याने नवा घटक त्याच स्फटिकात सामावतो व वितळणबिंदू उलट चढत जातो. निव्वळ ६टी नायलॉन मात्र सुमारे ३७० अंशांना वितळते आणि तोवर विघटनही सुरू होते. म्हणून त्यात दुसरा घटक मिसळून वितळणबिंदू मुद्दाम खाली आणावा लागतो.

दोन नायलॉनचे दाणे नुसते एकत्र वितळवणे ही वेगळी गोष्ट. त्यात दोन्ही साखळ्या स्वतंत्र राहतात, आणि उष्मामापनाच्या आलेखात बहुधा दोन शिखरे दिसतात. सहबहुवारिकात सामान्यतः एकच, खाली सरकलेले. भंगारातून आलेल्या नायलॉनची जात ओळखण्यासाठी हा फरक उपयोगी पडतो. मात्र वितळलेले मिश्रण फार वेळ तापत ठेवल्यास साखळ्या परस्परांशी तुकडे बदलू लागतात, आणि दोन शिखरेही हळूहळू जवळ येतात.