अमोनियाचे सूक्ष्ममापन : एका शून्याच्या शोधाचा इतिहास

नाशिक जिल्ह्यातील गोदाकाठच्या काळ्या, अल्कधर्मी जमिनीत युरिया टाकला म्हणजे त्यातील नत्राचा काही अंश पिकास न पोहोचता अमोनियाच्या रूपाने हवेत निघून जातो. हे कृषिरसायनाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. परंतु हा अंश किती, हे बांधावर उभे राहून सांगता येत नाही. मानवी नाकास हा वायू जाणवण्यासाठी हवेच्या दशलक्ष भागांत त्याचे काही भाग असावे लागतात, आणि सहवासाने नाक तेवढाही गंध ओळखेनासे होते. मोकळ्या शेतावरील अमोनिया मोजावयाचा तो बहुधा अब्जांशात. असे मापन आज लेसरच्या साहाय्याने शक्य झाले आहे. तथापि हे केवळ लेसरचे देणे होय, असा जो समज रूढ आहे, तो इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. या मापनाचे मर्म लेसरपूर्वीचे आहे. आणि ते आहे खऱ्या शून्याच्या शोधात.

वायूतून प्रकाश पाठवावा आणि पलीकडे तो किती कमी झाला ते पाहावे, ही मापनाची सरळ रीत. वायू अत्यल्प असला म्हणजे ही रीत दुबळी ठरते. लाख रुपयांच्या नाण्यांच्या थैलीतून एक पैसा काढावा आणि थैली पुन्हा तोलून त्या पैशाचे वजन ठरवावे, तसा हा प्रकार आहे. दोन मोठ्या राशींतील फरक तराजूच्या चुकीतच बुडून जातो.

ही अडचण जॉन टिंडल यांनी ओळखली होती. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८५९ पासून त्यांनी वायूंच्या उष्णताशोषणाचे जे प्रयोग केले, त्यांत तापविद्युत्-राशीच्या दोन तोंडांवर दोन उष्ण स्रोत समतोल ठेवून गॅल्व्हॅनोमीटरची सुई प्रथम शून्यावर आणली जाई, आणि मगच नळीत वायू सोडला जाई. सुईचे विचलन हे केवळ वायूचे कार्य ठरे. हे शून्य मात्र कृत्रिम होते. दोन स्रोतांपैकी एक किंचित ढळला की शून्यही ढळे.

स्वाभाविक शून्य सापडले ते अनपेक्षितपणे. १८८० मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल प्रकाशाच्या साहाय्याने ध्वनी दूर पाठविण्याच्या खटपटीत होते. खंडित केलेला सूर्यप्रकाश घन पदार्थाच्या पातळ चकतीवर पडला असता ती चकती आवाज करते, असे त्यांना आढळले. पुढल्याच वर्षी टिंडल व रंटगेन यांनी वायूंच्या बाबतीत हाच परिणाम दाखविला. ज्यांचे उष्णताशोषण अधिक, त्यांचा ध्वनी मोठा. वायूने प्रकाश शोषला की तो क्षणभर तापतो, प्रसरण पावतो आणि दाबाची लहर उत्पन्न करतो. शोषण नसेल तर ध्वनीच नाही. वरील दृष्टान्तात बोलावयाचे, तर थैली न तोलता खाली पडलेल्या पैशाचा खणखणाट ऐकण्याची ही युक्ती होती.

असे असूनही सुमारे नव्वद वर्षे या परिणामाचे चीज पूर्णत्वाने झाले नाही. १९३८ मध्ये रशियात व्हिंगेरोव्ह यांनी आणि १९४३ मध्ये जर्मनीत लुफ्ट यांनी याच तत्त्वावर वायुविश्लेषक बनविले. ते उद्योगांत उपयोगी पडले; पण त्यांतील प्रकाश तप्त तारेचा असल्याने सर्व तरंगलांबींत विखुरलेला असे, आणि इष्ट रेणूच्या वाट्यास त्यातील थोडाच येई. ध्वनी तर शोषलेल्या शक्तीच्या प्रमाणात उत्पन्न होतो. उणीव कानाची नव्हती, दिव्याची होती.

येथे या इतिहासाचा संबंध महाराष्ट्राशी येतो. १९३८ मध्ये बारामती येथे जन्मलेले चंद्रकुमार नारणभाई पटेल पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवीधर झाले, आणि स्टॅनफर्ड येथून पीएच. डी. घेऊन १९६१ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. तेथे त्यांनी सिद्ध केलेला कार्बन डाय-ऑक्साइडचा लेसर १९६४ मध्ये प्रसिद्धीस आला. त्याची ख्याती पोलाद कापणारा लेसर अशी झाली. परंतु त्याच्या रेषा ९ ते ११ मायक्रॉनच्या पट्ट्यात येतात, आणि अमोनियाचा रेणू छत्री उलटावी तसा जो कंप पावतो, त्याचे प्रबळ शोषणही नेमके तेथेच आहे. हा जुळून आलेला योग होय. लेसर अमोनियासाठी शोधला गेला नव्हता.

१९७१ मध्ये क्रॉयझर यांनी हीलियम-निऑन लेसर वापरून नायट्रोजनमधील मिथेन अब्जात सुमारे १० भागांपर्यंत ध्वनीवरून ओळखला. त्याच वर्षी क्रॉयझर व पटेल यांनी हवेतील नायट्रिक ऑक्साइडचे मापन केले, आणि १९७२ मध्ये केन्यन यांच्यासह अमोनिया धरून दहा प्रदूषक वायूंचे. १९७३ मध्ये तर हे उपकरण बलूनमधून सुमारे २८ किलोमीटर उंचीवर गेले. ओझोनच्या थरावर नत्राच्या ऑक्साइडांचा काय परिणाम होतो, हा वाद तेव्हा स्वनातीत विमानांमुळे पेटला होता. स्थितांबरातील नायट्रिक ऑक्साइड सूर्योदयापूर्वी नगण्य असतो आणि दिवसा वाढतो, हे या मापनाने प्रत्यक्ष दाखविले.

अमोनियाकडे पटेल पुन्हा वळले ते उत्तरायुष्यात. त्यांच्या सहभागाने २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात रक्तशुद्धीकरण चालू असलेल्या मूत्रपिंडरुग्णांच्या उच्छ्वासातील अमोनिया आणि रक्तातील युरिया-नत्र व क्रिएटिनिन यांचा सहसंबंध दाखविला गेला. २००० मध्ये त्यांनी स्थापिलेल्या प्रॅनॅलिटिका या संस्थेत पुढे अब्जात एका भागाहूनही कमी अमोनिया मोजणारी उपकरणे तयार झाली.

मात्र हे शून्य निर्दोष आहे असे समजू नये. पात्राच्या काचाही थोडा प्रकाश शोषतात व आवाज करतात. हवेतील बाष्प आणि खुद्द कार्बन डाय-ऑक्साइड या रेषा शोषून घेतात, आणि उच्छ्वासात तर तो शेकडा चार-पाच असतो. शिवाय अमोनिया नळीच्या भिंतीस चिकटतो व सावकाश सुटतो, त्यामुळे मापन मागे रेंगाळते. टिंडल यांच्यापुढील प्रश्न सुटला नाही, तो अधिक खोल पातळीवर गेला, असेच म्हणावे लागेल.

पटेल यांचे नाव आपल्याकडे बहुधा अभिमानाच्या याद्यांत आढळते. जन्मग्रामाचा उल्लेख करून थांबणारा इतिहास अभ्यासकास फारसे शिकवीत नाही. त्यांच्या कार्यापासून घ्यावयाचे ते हे, की जुन्या ग्रंथांत पडून राहिलेले निरीक्षण आणि दुसऱ्याच हेतूने घडलेले साधन यांची गाठ घालणारा प्रश्न कोणी तरी विचारावा लागतो. शीतगृहातील गळती ओळखण्यास लेसरची गरज नाही; तेथे साधे विद्युत्-रासायनिक संवेदक पुरतात. पण आपल्या शेतातून किती नत्र हवेत जातो, हा प्रश्न अब्जांशाचाच आहे. तो विचारणाऱ्याने आधी आपले शून्य कोठे आहे हे तपासले पाहिजे.