कचरा प्रकल्प आणि वस्ती : न्यायालयीन वाद

कचरा प्रक्रिया केंद्रे व कचरा डेपो यांच्या जागेवरून, दुर्गंधीवरून आणि जलप्रदूषणावरून लगतचे रहिवासी व महापालिका यांच्यात चालणारे दावे. भारतात अशा तक्रारींना बळ दिले ते १९८०च्या रतलाम निकालाने. गटारे बांधायला पैसा नाही, ही नगरपालिकेची सबब सर्वोच्च न्यायालयाने त्यात फेटाळली. १९९६मध्ये अल्मित्रा पटेल यांनी दाखल केलेल्या याचिकेतून पुढे घनकचऱ्याविषयीचे २००० सालचे नियम आले. २०१६मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. २०१०च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण स्थापन झाल्यावर बहुतेक प्रकरणे तिकडे वळली. ‘प्रकल्प विरुद्ध रहिवासी’ अशी या दाव्यांची मांडणी सर्रास होते, पण ती अपुरी आहे. कचऱ्यासाठी जागा राखून ठेवणारी आणि तिच्याच शेजारी घरे बांधायला परवानगी देणारी यंत्रणा बहुधा एकच असते. वादाचे मूळ या दुहेरी भूमिकेत आहे.

पुण्यातील बाणेरचे प्रकरण यादृष्टीने बोलके आहे. तेथे हॉटेलांतला व घरांतला ओला कचरा दळून त्याचा पातळ लगदा करतात. तो टँकरने तळेगावजवळच्या प्रकल्पात जातो आणि तेथे त्यापासून गॅस तयार होतो. दुर्गंधीच्या तक्रारीवरून न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०२०मध्ये हे केंद्र बंद करून अन्यत्र हलवण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २०२४ रोजी तो रद्द केला. जागा विकास आराखड्यात कचरा प्रक्रियेसाठीच आरक्षित होती आणि इमारती नंतर आल्या, हा त्यातला कळीचा मुद्दा. केंद्र बंद केल्यास पश्चिम पुण्याचा ओला कचरा सगळे शहर ओलांडून पूर्वेकडे न्यावा लागेल, हेही न्यायालयाने लक्षात घेतले. मात्र ‘निरी’ या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडून पर्यावरणीय तपासणीची अट घातली. निकाल तर्काला धरून आहे. तरीही आरक्षण ठाऊक असताना त्या इमारतींचे नकाशे मंजूर कोणी केले, हा प्रश्न उरतोच.

घर घेताना आराखडा पाहायला हवा होता, असा आक्षेप यावर घेतला जातो. त्यात तथ्य आहे, पण मर्यादित. ग्राहक मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहतो, आणि पालिकेचा शिक्का म्हणजे जागा राहण्याजोगी असल्याची हमी, असेच तो समजतो. शिवाय ‘आधी कोण आले’ ही कसोटी खरोखर पाळायची तर ती उरुळी देवाची आणि फुरसुंगीलाही लावावी लागेल. ही गावे डेपोच्या कितीतरी आधीची. पुण्याचा कचरा तेथे पडू लागला तेव्हा ती पालिकेच्या हद्दीतही नव्हती, म्हणजे नगरसेवक निवडण्याचा हक्कही गावकऱ्यांना नव्हता. विहिरींचे पाणी नासले, गावकऱ्यांनी वेळोवेळी गाड्या अडवल्या, तरी डेपो वर्षानुवर्षे चालूच राहिला. आधी येऊनही त्यांच्या पदरात काही पडले नाही.

पुराव्याची अडचण वेगळीच आहे. २००९च्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकांत १२ प्रदूषक आहेत; त्यांत अमोनिया आहे, पण सडक्या अंड्यासारखा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड नाही. न्यायाधिकरणाने नेमलेली संयुक्त समिती पाहणीला येते त्या दिवशी केंद्र धुऊन-पुसून लख्ख असते, हा तक्रारदारांचा नेहमीचा आरोप. आणि वासाला आकडा नसल्यामुळे तो आरोप खोडणे जितके अवघड तितकेच सिद्ध करणेही. मग लढाई कागदांवर सरकते. मुंबईत कांजूरमार्गच्या कचराभूमीबाबत उच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये दिलेला निकाल ११९.९१ हेक्टर जमीन संरक्षित वन आहे या मुद्द्यावर होता. त्याला ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली.

प्रकल्पाभोवती मोकळा पट्टा ठेवण्याइतकी जमीन शहरांकडे नाही, असे प्रशासन सांगते. पण २०१६च्या नियमांनी क्षेपणभूमी वस्तीपासून २०० मीटर दूर ठेवायला सांगितले होते आणि दिवसाला ५ टनांहून मोठ्या प्रक्रिया केंद्रांभोवती बांधकामविरहित पट्टाही आखायला लावला होता. असा पट्टा वाया जात नाही. वाहनतळ किंवा रोपवाटिका तेथे चालते. नको असते ते घर. पट्टा पाळला जात नाही तो जमिनीच्या भावामुळे.

परवानगी आणि कचरा यांची सांगड घालणारा एक ठळक आदेश मुंबईत निघाला. २०१६च्या जानेवारीत तेथील देवनारची कचराभूमी पेटल्यानंतर, २९ फेब्रुवारी रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याची शास्त्रशुद्ध विल्हेवाट लागेपर्यंत शहरात नव्या बांधकामांना परवानगी देऊ नये, असे बजावले. पुनर्विकास, रुग्णालये, शाळा यांना त्यातून वगळले होते. विकासकांनी तो अतिरेकी ठरवला. तो कठोर होता खरा, पण नेमक्या दुखण्यावर बोट ठेवणारा होता. मार्च २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो शिथिल केला. बांधकामे पुन्हा सुरू झाली आणि देवनारला कचरा पडतच राहिला.