जलबिंदूंचे उच्च वेग छायाचित्रण

जलबिंदूंचे उच्च वेग छायाचित्रण : द्रवाचा थेंब सुटणे, पडणे, एखाद्या पृष्ठभागावर आदळणे आणि त्याचे शिंतोडे उडणे या क्रिया इतक्या जलद घडतात की, डोळ्याला त्यांतील टप्पे वेगवेगळे दिसत नाहीत. अत्यल्प काळ टिकणाऱ्या प्रकाशाच्या साहाय्याने अशा क्रियेतील एखादा क्षण स्थिर व मोठ्या आकारात चित्रित करण्याच्या तंत्राला जलबिंदूंचे उच्च वेग छायाचित्रण म्हणतात. आज हे तंत्र हौशी छायाचित्रकारांमध्येही लोकप्रिय आहे. तथापि त्याचा उगम भौतिकीच्या प्रयोगशाळेत झाला. डोळ्याने पाहिलेले आणि कॅमेऱ्याने टिपलेले यांत फरक पडल्यास विज्ञानाने कशावर विश्वास ठेवावा, या प्रश्नाशी त्याचा इतिहास निगडित आहे.

मूलभूत अडचण : ४० सेंमी. उंचीवरून पडलेल्या थेंबाचा वेग आदळतेवेळी सेकंदाला सु. २·८ मी. असतो. कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा हजारावा भाग उघडी राहिली, तर तेवढ्या वेळात थेंब २·८ मिमी. पुढे सरकतो. थेंबाचा व्यास ५ मिमी. असल्यास हे अंतर त्याच्या निम्म्याहून अधिक असल्यामुळे चित्र पुसट येते. चित्र मोठे केले की, हा पुसटपणाही त्याच प्रमाणात वाढतो. यांत्रिक झडपेचा वेग वाढविण्याला मर्यादा असल्यामुळे या अडचणीतून निराळा मार्ग काढावा लागला. खोलीत अंधार ठेवून कॅमेऱ्याची झडप उघडीच ठेवावयाची आणि थेंबावर क्षणमात्र प्रखर प्रकाश पाडावयाचा, हा तो मार्ग होय. अशा वेळी उद्‌भासनाचा काल झडपेवर अवलंबून न राहता प्रकाशाच्या कालावर अवलंबून राहतो. प्रकाश सेकंदाचा तीन दशलक्षांश भाग टिकला, तर वरील थेंब तेवढ्या वेळात जेमतेम ०·०१ मिमी. सरकतो व त्याची कडा रेखीव उमटते.

प्रारंभीचे प्रयत्न : विद्युत् ठिणगीचा प्रकाश अत्यल्प काळ टिकतो हे चार्ल्स व्हीट्‌स्टन (१८०२–७५) यांनी फिरत्या आरशाच्या साहाय्याने १८३४ मध्ये दाखविले. ठिणगीच्या उजेडात फिरते चाकही स्तब्ध असल्यासारखे दिसते. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट (१८००–७७) यांनी १८५१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये या गुणधर्माचा छायाचित्रणासाठी उपयोग करून दाखविला. त्यांनी वेगाने फिरणाऱ्या चकतीवर वृत्तपत्राचा कागद चिकटविला आणि लेडन पात्रांच्या ठिणगीच्या प्रकाशात त्याचे छायाचित्र घेतले. मात्र त्या काळच्या ओल्या काचपट्ट्या फारशा प्रकाशसंवेदी नव्हत्या. थेंबासारख्या लहान व पारदर्शक वस्तूकडून परावर्तित होणारा ठिणगीचा प्रकाश त्यांना अपुरा पडे. रिचर्ड लीच मॅडक्स (१८१६–१९०२) यांनी १८७१ मध्ये जिलेटिनाच्या कोरड्या पट्टीची कल्पना मांडली आणि पुढील काही वर्षांत अशा पट्ट्यांची संवेदनक्षमता पुष्कळ वाढविण्यात आली. त्यानंतर एर्न्स्ट माख (१८३८–१९१६) व पेटर झाल्खर यांना १८८६ मध्ये उडत्या गोळीभोवतीच्या आघात तरंगांची छायाचित्रे घेता आली. चार्ल्स व्हर्नन बॉइझ (१८५५–१९४४) यांनीही १८९२ मध्ये गोळ्यांची ठिणगी-छायाचित्रे घेतली. या प्रयोगांत गोळीची व तरंगांची छाया टिपावयाची असल्यामुळे थोडा प्रकाश पुरत असे. आपटणाऱ्या थेंबाचे उंचसखल रूप टिपण्यास त्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश आवश्यक असल्यामुळे ते काम अधिक अवघड होते.

वर्दिंग्टन यांचे कार्य : या विषयाचा पद्धतशीर अभ्यास इंग्रज भौतिकीविज्ञ आर्थर मेसन वर्दिंग्टन (१८५२–१९१६) यांनी केला. रग्बी येथील एका शाळकरी मुलाला काजळी धरलेल्या काचेवर शाईचे थेंब पडून उमटलेल्या आकृती आढळल्या होत्या. त्याने १८७५ मध्ये त्यांकडे वर्दिंग्टन यांचे लक्ष वेधले आणि तेथून या कार्याला प्रारंभ झाला. पुढे डेव्हनपोर्ट येथील रॉयल नेव्हल एंजिनिअरिंग कॉलेजमध्ये प्राध्यापक असताना त्यांनी ते चालू ठेवले.

प्रारंभीच्या काळात त्यांचे उपकरण म्हणजे अंधारी खोली, विद्युत् ठिणगी आणि निरीक्षकाचा डोळा एवढेच होते. थेंब पडत असताना ठराविक क्षणी ठिणगी पाडली जाई. त्या प्रकाशात दिसलेला आकार दृष्टिपटलावर क्षणभर टिकून राही व तो पुसला जाण्यापूर्वी निरीक्षक त्याचे रेखाटन करीत असे. ठिणगीचा क्षण नेमका साधण्यासाठी त्यांनी पुढे एक सुबक योजना वापरली. थेंब आणि एक लहान गोळी एकाच क्षणी सोडली जाई. गोळी खालच्या पट्टीवर आदळली की, विद्युत् मंडलावर परिणाम होऊन ठिणगी पडे. ही पट्टी किंचित खालीवर सरकविली की, ठिणगीचा क्षण सेकंदाच्या हजाराव्या भागाने मागेपुढे करता येई. थेंब काजळी धरलेल्या काचेच्या उथळ वाटीत ठेवला जाई. काजळीमुळे तो काचेला चिकटत नसे व वाटी झटक्याने बाजूला होताच तो अखंड खाली पडे.

एका थेंबापासून एकच दृश्य मिळत असे. दुसऱ्या दृश्यासाठी दुसरा थेंब सोडावा लागे. त्यामुळे शिंतोड्याची प्रत्येक चित्रमाला अनेक वेगवेगळ्या थेंबांच्या दृश्यांतून जुळविलेली असे. सारख्या आकाराचे व सारख्या उंचीवरून पडलेले थेंब सारखेच वागतात, हे यात गृहीत धरलेले होते. या रेखाटनांत मुकुटाचे काटे समान अंतरावर व समान लांबीचे दाखविलेले असून संपूर्ण आकृती फुलासारखी सममित होती.

सु. वीस वर्षे अशी रेखाटने केल्यानंतर १८९४ मध्ये वर्दिंग्टन यांना शिंतोड्याची छायाचित्रे घेण्यात यश आले. लेडन पात्रांच्या ठिणगीचा प्रकाश अंतर्गोल आरशाने थेंबावर एकवटण्यात येई आणि त्याचा काल सेकंदाच्या तीन दशलक्षांश भागाहूनही कमी होता. छायाचित्रांवरून क्रियेचे टप्पे निरीक्षणाप्रमाणेच असल्याचे दिसून आले. परंतु आकृत्यांची सममिती मात्र टिकली नाही. मुकुटाची एक बाजू उंच, दुसरी ठेंगणी. काही काटे जाड, तर काही अर्धवट तुटलेले असेच बहुतेक चित्रांत आढळले. वर्दिंग्टन यांनी आपली जुनी टिपणे पुन्हा तपासली. त्यांतही ओबडधोबड आकारांच्या पुष्कळ नोंदी होत्या. एकदा दिसलेली अनियमितता पुन्हा तशीच दिसत नसल्यामुळे संकलन करताना त्या नोंदी बाजूला पडल्या होत्या. आदर्श आकृती खरी आणि तिच्यातील बिघाड हा आगंतुक, ही समजूत मनात असल्यामुळे आपण असे केले, हे त्यांनी स्वतःच प्रांजळपणे मान्य केले.

या कबुलीमुळे वर्दिंग्टन यांच्या कार्याला विज्ञानाच्या इतिहासात वेगळे स्थान प्राप्त झाले आहे. लॉरेन डॅस्टन आणि पीटर गॅलिसन यांनी वैज्ञानिक वस्तुनिष्ठतेच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथाचा (२००७) प्रारंभ याच प्रसंगाने केला आहे. अठराव्या शतकातील वनस्पतिशास्त्रज्ञ किंवा शरीररचनाशास्त्रज्ञ अनेक नमुने पाहून त्यांतील नमुनेदार रूप चित्रित करणे हे आपले कर्तव्य मानीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात समोरचा एकच नमुना त्याच्या दोषांसह जसाच्या तसा दाखविणे प्रामाणिकपणाचे मानले जाऊ लागले. वर्दिंग्टन यांनी हे दोन्ही दृष्टिकोन स्वतःच्या आयुष्यात अनुभविले. अर्थात छायाचित्राने सर्वच अडचणी दूर झाल्या नाहीत. त्यांच्या छायाचित्रमालांतील प्रत्येक चित्रही निराळ्या थेंबाचेच होते.

वर्दिंग्टन यांचे संशोधन अ स्टडी ऑफ स्प्लॅशेस (१९०८) या ग्रंथात संकलित झाले आहे. घन गोळ्यांविषयीचे त्यांचे प्रयोगही लक्षणीय आहेत. गुळगुळीत व स्वच्छ गोळी पाण्यात पडली, तर पाणी तिच्या पृष्ठभागाला लपेटून वर चढते आणि शिंतोडा फारच थोडा उडतो. तीच गोळी खरबरीत किंवा धूळ लागलेली असल्यास पाणी तिच्यापासून अलग होऊन तिच्यामागे खोल पोकळी पडते व मोठा शिंतोडा उडतो. पोकळी मिटताना वर उसळणाऱ्या पाण्याच्या स्तंभाला आजही ‘वर्दिंग्टन झोत’ असे म्हणतात.

शिंतोड्याची क्रिया : थेंब खोल पाण्यात पडला असता प्रथम त्याच्याभोवती पाण्याचे पातळ वर्तुळाकार पटल वर उचलले जाते. पृष्ठताणामुळे [⟶ पृष्ठताण] पटलाची कड जाड होते. ही जाड कड अस्थिर असल्यामुळे तिला फुगवटे येतात, फुगवट्यांचे काटे बनतात आणि काट्यांच्या टोकांपासून बारीक थेंब सुटतात. हाच मुकुट होय. द्रवाची धार अशा रीतीने तुटून तिचे थेंब का होतात, याचे गणितीय विवेचन लॉर्ड रॅली (१८४२–१९१९) यांनी १८७९ मध्ये केले होते. मुकुटाखाली तयार झालेला खळगा मिटताना मध्यभागी स्तंभ उसळतो व त्याच्या माथ्यावरून एक वा अधिक थेंब तुटतात. थेंब पुरेशा उंचीवरून पडल्यास मुकुट वरच्या बाजूने मिटून घुमटासारखा बुडबुडा तयार होतो. या सर्व क्रिया सु. एक दशांश सेकंदात पूर्ण होतात. शिंतोड्यांच्या ध्वनीचा अभ्यासही याच सुमारास सुरू झाला. भारतात चंद्रशेखर वेंकट रामन (१८८८–१९७०) व आशुतोष डे यांचा या विषयावरील निबंध १९२० मध्ये प्रसिद्ध झाला.

एजर्टन यांचे कार्य : अमेरिकन विद्युत् अभियंते हॅरल्ड एजर्टन (१९०३–९०) यांनी या तंत्राला आधुनिक रूप दिले. मॅसॅचूसेट्‌स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये विद्युत् चलित्रांचा अभ्यास करीत असताना, ठराविक अंतराने लुकलुकणाऱ्या प्रकाशात चलित्राचा फिरता भाग स्थिर दिसतो, याचा त्यांनी उपयोग करून घेतला. त्यांनी १९३०–४० या दशकात वायूने भरलेल्या नळीतून धारित्रातील विद्युत् भार एकदम सोडून प्रकाश निर्माण करण्याची पद्धत विकसित केली. उघड्या ठिणगीपेक्षा हा प्रकाश पुष्कळ प्रखर असून तो हव्या त्या क्षणी व पुनःपुन्हा मिळविता येई. आजचा इलेक्ट्रॉनीय फ्लॅश हा या नळीचाच वंशज आहे.

एजर्टन यांनी पाण्याऐवजी दूध वापरले. दूध अपारदर्शक व पांढरे असल्यामुळे त्याच्या पृष्ठभागाचे चढउतार प्रकाशात स्पष्ट उमटतात. त्यांच्या दुधाच्या मुकुटाच्या छायाचित्राला १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या म्यूझीयम ऑफ मॉडर्न आर्ट या संग्रहालयातील प्रदर्शनात स्थान मिळाले. जेम्स किलियन यांच्यासह लिहिलेले त्यांचे फ्लॅश! हे पुस्तक १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या तंत्रावर आधारलेल्या क्विकर न अ विंक (१९४०) या लघुपटाला ऑस्कर पारितोषिक मिळाले. तांबड्या पार्श्वभूमीवरील मुकुटाचे त्यांचे १९५७ मधील रंगीत छायाचित्र विसाव्या शतकातील सुप्रसिद्ध छायाचित्रांमध्ये गणले जाते. डार्सी टॉम्पसन (१८६०–१९४८) यांनी सजीवांच्या वाढीवरील आपल्या ग्रंथात (१९१७) काही जलचरांच्या पेल्यासारख्या आकारांची तुलना वर्दिंग्टन यांच्या शिंतोड्यांशी केली होती. त्या ग्रंथाच्या १९४२ च्या आवृत्तीत एजर्टन यांचे छायाचित्र समाविष्ट झाले.

एजर्टन स्वतःला कलावंत म्हणवून घेत नसत. आपण केवळ तथ्ये शोधणारे अभियंते आहोत, अशी त्यांची भूमिका होती. असे असूनही निर्दोष मुकुटाचा ध्यास त्यांनी अनेक वर्षे सोडला नाही आणि त्यासाठी असंख्य चित्रे घेतली. प्रसिद्ध झालेले चित्र हे त्यांतून निवडलेले होते. वर्दिंग्टन यांना छायाचित्राने अनियमिततेची जाणीव करून दिली, तर एजर्टन यांनी त्याच साधनाने दुर्मिळ अशी जवळजवळ सममित आकृती लोकांपुढे ठेवली. परिणामी सामान्य प्रेक्षकाच्या मनात शिंतोड्याचे जे रूप ठसले, ते नेहमी घडणाऱ्या शिंतोड्यापेक्षा वर्दिंग्टन यांच्या जुन्या रेखाटनांना अधिक जवळचे आहे. कॅमेऱ्यामुळे निवड नाहीशी होत नाही. ती रेखाटनाच्या वेळेऐवजी अनेक चित्रांतून एक उचलताना होते, एवढेच यावरून दिसून येते.

आधुनिक पद्धती : सध्या थेंब सोडण्यासाठी विद्युत् चुंबकीय झडपेची तोटी वापरतात. थेंबाने प्रकाशशलाका अडविली की किंवा झडप उघडली की, इलेक्ट्रॉनीय नियंत्रक ठरावीक मिलिसेकंदांनंतर फ्लॅश पेटवितो. नेहमीच्या वापरातील अनेक फ्लॅशांची शक्ती कमी ठेवल्यास प्रकाशाचा कालही कमी होतो. म्हणून एका मोठ्या फ्लॅशऐवजी कमी शक्तीवर ठेवलेले अनेक फ्लॅश वापरणे सोयीचे ठरते. समीप छायाचित्रणाच्या भिंगाने वस्तूइतकीच प्रतिमा घेतल्यास रेखीव दिसणाऱ्या भागाची खोली एकदोन मिमी. एवढीच मिळते. त्यामुळे भिंगाचे छिद्र लहान ठेवून थेंब ज्या जागी पडणार, त्या जागेवर आधीच केंद्रीकरण करावे लागते. पहिल्या थेंबाचा झोत वर उसळत असताना दुसरा थेंब त्याच्या माथ्यावर पाडल्यास द्रव छत्रीसारखा पसरतो. ग्लिसरीन वा डिंकासारखे पदार्थ मिसळून पाण्याची श्यानता वाढविली की, हे आकार अधिक काळ टिकतात. हवेत लोंबणारा थेंब बहिर्गोल भिंगाप्रमाणे कार्य करतो. त्यामुळे त्याच्यामागे ठेवलेल्या फुलाची लहान व उलटी प्रतिमा त्यात दिसते. [⟶ छायाचित्रण].

वैज्ञानिक उपयोग : पावसाचा थेंब चित्रात काढतात तसा टोकदार नसतो, हे अशा संशोधनातून निश्चित झाले. लहान थेंब गोल असतात, तर मोठ्या थेंबांचा तळ हवेच्या रोधामुळे सपाट होतो. फिलिप लेनार्ट (१८६२–१९४७) यांनी १९०४ मध्ये वर जाणाऱ्या हवेच्या झोतात थेंब तरंगत ठेवून त्यांचा अभ्यास केला होता. फार मोठा थेंब फुगून कसा फुटतो, हे २००९ मध्ये उच्च वेग चलच्चित्रणाने दाखविण्यात आले. पावसामुळे होणारी जमिनीची धूप, शाईचे बारीक थेंब सोडणारी मुद्रण यंत्रे, एंजिनातील इंधनाचे फवारे व पिकांवरील औषध फवारणी यांच्या अभ्यासातही या तंत्राचा उपयोग होतो. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये एक अनपेक्षित गोष्ट दाखवून दिली. कोरड्या गुळगुळीत काचेवर पडणाऱ्या थेंबाभोवतालच्या हवेचा दाब पुरेसा कमी केला, तर शिंतोडा उडतच नाही. केवळ द्रव व पृष्ठभाग यांनाच नव्हे, तर हवेलाही या क्रियेत महत्त्वाचे स्थान आहे, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

सेकंदाला हजारो चित्रे घेणाऱ्या आजच्या कॅमेऱ्यांमुळे एकाच थेंबाचा संपूर्ण प्रवास सलग पाहता येतो. वेगवेगळ्या थेंबांची दृश्ये जोडून एक क्रिया रचण्याची वर्दिंग्टन यांची अडचण त्यामुळे उरलेली नाही. दोन थेंबांचे शिंतोडे तंतोतंत सारखे होत नाहीत, ही गोष्ट आता मुकुटाच्या कडेवरील विक्षोभांच्या अभ्यासाचा विषय बनली आहे. ज्या नोंदी एके काळी बिघाड म्हणून वगळल्या गेल्या, त्यांतच थेंब कसा फुटतो या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग दडलेला होता.