ब्रांकुशीचा पक्षी आणि इंदूरचे न झालेले मंदिर

अमूर्त शिल्प म्हणजे ओळखू न येणारे शिल्प, असा समज आम्हां शिक्षकवर्गात बराच रूढ आहे. प्रदर्शनातून बाहेर पडताना चांगली शिकलीसवरलेली माणसे 'यात कळावयाचे ते काय?' असे म्हणून मोकळी होतात. आणि कलावंतही पुष्कळदा गूढ मौन धरून त्यांच्या संशयाला बळकटीच आणतात. या वादात उपयोगी पडेल असे एक शिल्पकाराचे चरित्र आहे, आणि त्याचा एक धागा थेट होळकरांच्या इंदुरापर्यंत येऊन पोहोचला आहे. म्हणून त्याचा येथे थोडा परामर्श घेण्याचे योजिले आहे.

कॉन्स्टंटिन ब्रांकुशी याचा जन्म १८७६ साली रुमानियातील होबित्सा या खेड्यात शेतकरी कुटुंबात झाला. क्रायोव्हा येथील कलाकौशल्याच्या शाळेत आणि पुढे बुखारेस्टच्या कलाविद्यालयात त्याचे शिक्षण झाले. १९०२ साली एका वैद्याच्या मार्गदर्शनाखाली त्याने कातडे सोललेल्या पुरुषदेहाची प्रतिकृती घडविली. तीत एकेक स्नायू आपापल्या जागी बसलेला आहे. ज्यांना वाटते की, हुबेहूब करता येत नाही म्हणून लोक अमूर्ताकडे वळतात, त्यांनी ही प्रतिकृती अवश्य ध्यानात ठेवावी. हुबेहूबपणाची परीक्षा तो उत्तम रीतीने उत्तीर्ण झाला होता, आणि नंतरच त्याने त्या परीक्षेकडे पाठ फिरविली.

१९०४ साली तो पॅरिसला आला. प्रवासाचा बराच भाग त्याने पायी केला असे सांगतात. १९०७ साली रोदँसारख्या जगन्मान्य शिल्पकाराच्या कार्यशाळेत त्याला काम मिळाले. पण थोड्याच अवधीत तो तेथून बाहेर पडला. मोठ्या वृक्षाच्या छायेत दुसरे काही वाढत नाही, अशा आशयाचे त्याचे उद्गार प्रसिद्धच आहेत. मात्र हा प्रश्न केवळ मानी स्वभावाचा नव्हता, कार्यपद्धतीचाही होता. त्या काळी नामांकित शिल्पकार मातीत प्रतिमा घडवीत, तिचा प्लॅस्टरचा साचा होई, आणि संगमरवरातील घडण बहुधा मदतनीस कारागीर मापे घेऊन करीत. ब्रांकुशीने छिन्नी स्वतःच्या हाती घेतली व दगडाशी सरळ गाठ घातली. १९०७-०८ मधील 'चुंबन' या शिल्पात दोन देह आहेत खरे, पण प्रथम दिसतो तो दगडाचा ठोकळाच. दगडाने आपले दगडपण न सोडता दोन माणसांना आपल्यात सामावून घेतले आहे.

मराठी वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. आमच्या गावोगावच्या देवळांत देवीचा तांदळा असतो. त्याला नाक नाही, डोळे नाहीत, शेंदराचे लेप तेवढे आहेत. तरी तेथे देवी आहे की नाही, असे कोणी विचारीत नाही. एक भेद मात्र विसरू नये. तांदळा बहुधा स्वयंभू मानला जातो, मनुष्याचा हात त्याला लागलेला नसतो. ब्रांकुशीचा निराकार हा श्रमाने मिळविलेला आहे.

तो कसा मिळविला, हे त्याच्या पक्ष्यांवरून चांगले कळते. १९१० च्या सुमारास त्याने रुमानियन लोककथांतील 'मायास्त्रा' नामक अद्भुत पक्षी घडविला. त्याला चोच आहे, फुगलेली छाती आहे, पायही आहेत. १९१९ च्या 'सुवर्णपक्ष्या'त हे अवयव विरघळू लागतात. १९२३ पासून 'अवकाशातील पक्षी' ही मालिका सुरू होते. तीत उरते ती एक उभी, सडपातळ, मध्ये किंचित भरलेली आकृती. खाली निमुळता पाया, वर तिरका छेद. एकाच विषयाशी हा मनुष्य जवळजवळ तीस वर्षे झगडत राहिला. संगमरवर तो घासून नितळ करी. ब्राँझचे ओतकाम झाल्यावर स्वतः कानस चालवून त्याला आरशासारखी जिल्हई आणी, म्हणजे प्रकाश पडताच वस्तूचे जडत्व जणू नाहीसे होते. बैठकीचे दगड व लाकडी ठोकळेही तो स्वतः घडवी आणि त्यांना शिल्पाचाच भाग मानी. आपल्या कामाला कोणी 'अमूर्त' म्हटलेले त्याला रुचत नसे. बाह्य रूप हे सत्य नव्हे, वस्तूचे सार तेच सत्य, अशी त्याची धारणा होती. त्याच्या दृष्टीने पक्ष्याचे सार पिसांत नसून उड्डाणात होते. आमच्या शाळांतून चिमणीची पिसे मोजून गुण देणाऱ्या परीक्षकांना हे पटणे कठीण आहे.

अमेरिकेच्या जकात अधिकाऱ्यांनाही ते पटले नाही. छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन याने विकत घेतलेला ब्राँझचा पक्षी १९२६ साली न्यूयॉर्क बंदरात उतरला. कलाकृतीवर जकात नव्हती. पण ही कलाकृतीच नव्हे असे ठरवून, स्वयंपाकघरातील व रुग्णालयातील वस्तूंच्या वर्गात घालून तिच्यावर शेकडा ४० जकात बसविण्यात आली. खटला उभा राहिला. शिल्प म्हणजे निसर्गातील वस्तूंचे अनुकरण, असा पूर्वीचा निर्णय जकातखात्याच्या बाजूला होता. अरण्यात हे दिसले तर पक्षी समजून बंदूक झाडाल काय, असेही स्टायकेनला विचारण्यात आले. तो अर्थातच नाही म्हणाला! तरीही नोव्हेंबर १९२८ मध्ये न्यायाधीश वेट यांनी निकाल दिला तो शिल्पाच्या बाजूने. निसर्गाचे अनुकरण करण्याऐवजी अमूर्त कल्पना व्यक्त करू पाहणारा नवा संप्रदाय कलेत उदयास आला आहे, याची दखल त्या निकालपत्राने घेतली. कलासमीक्षकांना वर्षानुवर्षे जे साधत नव्हते, ते जकातीच्या एका वादाने साधले.

आता इंदूरकडे वळू. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसिउस याच्याकडून माणिकबाग राजवाडा उभारून घेतला, तो याच सुमारास. त्या तरुण महाराजांनी ब्रांकुशीचे तीन 'अवकाशातील पक्षी' घेतले : एक ब्राँझचा, एक काळ्या व एक पांढऱ्या संगमरवराचा. त्यांच्यासाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधावे, अशी योजना निघाली. आत जलाशय असावा, वाट भुयारातून असावी आणि वरच्या झरोक्यातून येणारा सूर्यकिरण सोनेरी पक्ष्यावर पडावा, अशी कल्पना होती. तिबेटी योगी मिलारेपा याच्या चरित्राचे फ्रेंच भाषांतर उशाशी बाळगणाऱ्या या शिल्पकाराला ते काम किती प्रिय असेल, हे सांगावयास नको. परंतु १९३७ साली महाराणी संयोगिताबाई निवर्तल्या. १९३८ च्या आरंभी ब्रांकुशी इंदुरास येऊन गेला, पण मंदिराचा पाया काही पडला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात, रुमानियातील तिर्गु झिऊ येथे त्याच्या 'अनंत स्तंभा'चे लोकार्पण झाले. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांचे ते सुमारे २९ मीटर उंचीचे स्मारक आहे. २०२४ साली युनेस्कोने त्याचा व त्याच्या सोबतच्या शिल्पांचा जागतिक वारसा म्हणून स्वीकार केला. एका छोट्या गावाला जे लाभले, ते एका संस्थानाच्या राजधानीला लाभले नाही, याची खंत वाटते.

ब्रांकुशी १९५७ साली वारला, महाराज १९६१ साली. माणिकबागेतील पुष्कळसे सामान १९८० साली मोनॅको येथे लिलावात गेले. आणि त्या राजवाड्यात पुढे कचेरी थाटली गेली ती, योगायोग पाहा, अबकारी व जकात खात्याचीच. संगमरवराचे दोन्ही पक्षी १९७३ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने घेतले, ते आज कॅनबेरा येथे आहेत. ब्राँझचा पक्षी कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे, नॉर्टन सायमन संग्रहालयात.