गोठलेले भाडे : पुण्यातील वाडे आणि त्यांचे लहान मालक

पुण्याच्या सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांतून हिंडताना अजूनही एखादा जुना वाडा दिसतो. बाहेरच्या भिंतीला टेकू लावलेले, माडीवर पत्रे, दारावर पावसाळ्यापूर्वी महापालिकेने लावलेली धोकादायक इमारतीची नोटीस, आणि तरीही आत तीन-चार बिऱ्हाडे नांदत असलेली. आत चौकशी केली तर भाडेकरू सांगतात, "मालक एक कौलसुद्धा बदलून देत नाही." मालक सांगतो, "वर्षाच्या भाड्यात गवंड्याचा एक दिवसही निघत नाही." पुष्कळदा दोघेही खरे बोलत असतात. दोघांनाही एकाच वेळी खरे ठरवणारी ही परिस्थिती कशी घडली, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

वाडा मुळात भाड्याने देण्यासाठी बांधला जात नव्हता. १८१८ मध्ये पेशवाई संपली, तिच्या आश्रयावर चालणारी घराणी हळूहळू ओसरली आणि मोठ्या वास्तूंतले खण रिकामे पडू लागले. पुढे इंग्रजी कचेऱ्या, शाळा आणि महाविद्यालये यांमुळे कारकून, मास्तर आणि विद्यार्थी शहरात आले. त्यांना स्वस्त जागा हवी होती, वाड्यांना उत्पन्न हवे होते. मालकाचे कुटुंब चौकालगतच्या दोन-तीन खोल्यांत आणि उरलेल्या खणांत बिऱ्हाडे, अशी रचना रूढ झाली. ज्या काळी बहुतेकांना निवृत्तिवेतन नव्हते, त्या काळी दोन-चार बिऱ्हाडांचे भाडे ही म्हातारपणाची आणि वैधव्याची तजवीज होती. मुंबईत चाळी बांधून भाडे खाणारा भांडवलदार आणि हा मालक या दोन वेगळ्या जाती होत्या. मालक आणि भाडेकरू यांचा नळ एक, चौक एक, सुतकही बऱ्याचदा एकमेकांच्या कानी पहिल्या तासात.

भाडेनियंत्रणाचा कायदा आला तो युद्धामुळे. पहिल्या महायुद्धात जागांची टंचाई पडून भाडी भडकली, तेव्हा १९१८ मध्ये मुंबई सरकारने युद्धकाळापुरता कायदा केला, आणि पुढे तो संपलाही. दुसऱ्या महायुद्धात १९३९ आणि १९४४ असे पुन्हा कायदे झाले. त्यानंतर फाळणीच्या वर्षी मुंबई भाडे नियंत्रण कायदा, १९४७ संमत झाला आणि १३ फेब्रुवारी १९४८ पासून अंमलात आला. मुंबईप्रमाणे पुण्यालाही तो लागू झाला. या कायद्याची गरज खरी होती. घरे थोडी, माणसे फार, त्यात निर्वासितांचे लोंढे. कायदा नसता तर हजारो पगारदार कुटुंबे एका महिन्याच्या नोटिशीवर रस्त्यावर आली असती.

कायद्याने सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हेच 'प्रमाणभूत भाडे' ठरवले. त्याहून अधिक घेणे, किंवा पागडी घेणे, हा गुन्हा ठरला. कर वाढला किंवा सुधारणा केली तर थोडी वाढ घेता येई, पण महागाईसाठी काहीच नाही. हा कायदाही तात्पुरताच होता. मात्र मुदत संपत आली की ती वाढवली जाई. असे अर्धशतक गेले.

याचा हिशेब सोपा आहे. समजा, १९४० मध्ये एका खोलीचे भाडे दहा रुपये होते. तीन बिऱ्हाडांचे तीस रुपये तेव्हा एका घराच्या संसाराला चांगला हातभार लावत. १९९५ मध्ये तेच तीस रुपये हाती येत. दरम्यान सागवान, चुना आणि मजुरी यांचे भाव कुठल्या कुठे गेले होते. कायद्याप्रमाणे दुरुस्तीची जबाबदारी मालकाची. त्याने ती टाळली, तर भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करून भाड्यातून खर्च वळता करावा, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. दहा रुपये भाड्याच्या खोलीत ही रक्कम होते वर्षाला तीस रुपये. म्हणजे कायद्याने दुरुस्तीचा हक्क दिला, पण त्यातून दुरुस्ती होण्याची सोय राहिली नाही. गळणारे छप्पर दोघांच्याही डोक्यावर गळत राहिले.

जागा परत मिळवण्याचा मार्गही अरुंद होता. मुलाचे लग्न झाले, खोली हवी, असे मालकाने म्हटले तर गरज प्रामाणिक असल्याचे त्याने सिद्ध करायचे. आणि ती सिद्ध झाली तरी न्यायालय दोघांपैकी कुणाची अडचण मोठी ठरेल हे तोलून पाहणार. तत्त्व न्याय्य होते. पण दावा, अपील आणि पुनरीक्षण यांत वर्षामागून वर्षे जात, आणि त्या मुदतीत वकिलाची फी वाड्याच्या भाड्यातून भागणे शक्य नसे. मोठ्या मालकाला हे परवडे. लहान मालकाची तारखांना जाण्यातच उमेद संपे.

१९७३ च्या दुरुस्तीने आणखी एक धडा दिला. त्या वर्षी १ फेब्रुवारीला जे 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर राहत होते, त्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. हेतू पळवाट बंद करण्याचा होता. पण रिकामी खोली कुणाला देण्यापेक्षा तिला कुलूप लावणे बरे, ही भीती मालकांच्या मनात घर करून बसली.

मुंबई बेटावरच्या जुन्या इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने उपकर आणि दुरुस्ती मंडळ अशी व्यवस्था झाली. तीही अपुरी पडली, पण निदान दुरुस्ती हा सार्वजनिक प्रश्न आहे असे शासनाने मान्य केले. पुण्याच्या वाड्यांना असे मंडळ मिळाले नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतील असंख्य घरे एका दिवसात गेली. बाकीचे वाडे पुढच्या चाळीस वर्षांत एकेका पावसाळ्याने खचत गेले.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितले, की भाडे असे गोठवून ठेवणे काळाच्या ओघात अवाजवी झाले आहे. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ रोजी संपत असल्याने न्यायालयाने तो रद्द मात्र केला नाही. मुदत पुन्हा वाढलीच! शेवटी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. १ ऑक्टोबर १९८७ रोजीच्या भाड्यावर पाच टक्के आणि पुढे दरवर्षी चार टक्के वाढ. आपल्या दहा रुपयांच्या खोलीचे भाडे या हिशेबाने, चक्रवाढ धरली तरी, पंचवीस वर्षांनी तीस रुपयांच्या आतच राहते. याच कायद्याने बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्या या भाडेकरूंचे संरक्षण काढून घेतले. म्हणजे भाडेकरूंत मोठा आणि लहान हा भेद कायद्याला सुचला. मालकांत तो सुचला नाही. शंभर खोल्यांच्या चाळीचा धनी आणि माडीवरच्या दोन खोल्यांवर जगणारी विधवा, भाड्याच्या हिशेबात दोघे सारखेच.

पुढे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. वाडा मुद्दाम पडू देणाऱ्या मालकांना तो चाप होता, आणि योग्यच होता. पण प्रामाणिक मालकापुढे आता एकच वाट उरली : विकसकाला वाडा देणे, भाडेकरूंना त्यात जागा देणे आणि आपणही त्याच इमारतीत एक सदनिका घेऊन राहणे. पेठांतल्या अनेक वाड्यांचे झाले ते असे. जागा अरुंद, रस्ता बोळवजा, वारस दहा गावी पांगलेले, म्हणून विकसकही येत नाही, असे वाडे टेकूवर उभे आहेत.

भाडेनियंत्रण चुकीचे होते, असा निष्कर्ष यातून काढणे घाईचे ठरेल. गरिबाला आणि मध्यमवर्गीयाला शहरात टिकून राहता आले ते त्या कायद्यामुळेच. चूक निराळी होती. स्वस्त घर ही समाजाची गरज मानली, पण तिचा खर्च समाजाने उचलला नाही. तो ज्याच्या नावावर सातबारा किंवा मिळकतपत्रिका होती त्याच्यावर टाकला, आणि त्याची ऐपत कधी विचारली नाही. त्याने तो छपरावर ढकलला. आज भाड्याच्या घरांची नवी धोरणे आखली जात आहेत, आणि अकरा महिन्यांच्या करारावर एखादी खोली देणारा निवृत्त माणूस पुन्हा शहराचा मोठा आधार होत आहे. त्याच्यासाठी आणि त्याच्या भाडेकरूसाठी नियम करताना पेठेतल्या त्या टेकूकडे एकदा पाहून यायला हवे.