बदलता बाजार आणि व्यापाराचे धोरण
परभणी–जालना भागातील बियाणे-उद्योगाचा इतिहास

व्यापार म्हणजे स्वस्त घेणे आणि महाग विकणे, अशी एक ढोबळ समजूत आपल्याकडे रूढ आहे. परंतु ज्या पेढ्या व कंपन्या दोन-तीन पिढ्या टिकल्या त्यांचा इतिहास पाहू गेल्यास निराळेच चित्र दिसते. कोणती गोष्ट स्वतःच्या हाती ठेवावी, कोणती दुसऱ्यावर सोपवावी आणि काळ पालटला म्हणजे हा निर्णय पुन्हा केव्हा तपासून पाहावा, ह्या तीन प्रश्नांच्या उत्तरांनाच व्यापाराचे धोरण म्हणतात. ह्या विषयाचे विवेचन परदेशी ग्रंथांच्या आधारे करता येईल; तथापि आपल्याच भूमीत घडलेले एक उदाहरण त्याहून बोधप्रद आहे. ते बियाण्याच्या धंद्याचे आहे. आपल्या सभासद कुटुंबांपैकी कोणी कपाशी पिकवितात, कोणी मोंढ्यात अडतीचे दुकान चालवितात, कोणी बी-बियाणे विकतात. तेव्हा ह्या इतिहासाशी आपला संबंध केवळ वाचकाचा नाही.

प्रथम पूर्वपीठिका पाहू. गोदावरी, दुधना व पूर्णा ह्या नद्यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन कपाशीस अनुकूल. इ. स. १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी रेल्वे निजामाच्या राज्यातून सुरू झाली आणि सेलू, मानवत, परभणी, पूर्णा ही ठिकाणे दूरच्या बाजारपेठांशी जोडली गेली. जिनिंग व प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. रुईच्या गाठी आगगाडीने बाहेर जाऊ लागल्या. ह्या व्यापारात स्पर्धा होती ती माल खरेदी करण्याची. वेचणीच्या हंगामात शेतकऱ्याची गाडी आपल्या दारी यावी म्हणून अडत्ये उचल देत आणि भावाची चढाओढ करीत. बी मात्र व्यापाराची वस्तू नव्हते. सरकी घरची असे किंवा जिनिंगमधून आणलेली असे. गावराणी कापसाचे बी शेतकरी एका वर्षाच्या पिकातून दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवी. जी वस्तू घरोघरी फुकट उपलब्ध आहे, तिची कंपनी कोण काढणार?

ही स्थिती संकरित बियाण्याने पालटली. दोन भिन्न वाणांचा संकर केला असता पहिल्या पिढीत जोम अधिक येतो, उत्पन्न वाढते; परंतु त्याच पिकाचे बी पुन्हा पेरल्यास तो जोम टिकत नाही. म्हणून शेतकऱ्यास दर वर्षी नवे बी विकत घ्यावे लागते. अमेरिकेत हेन्री वॉलेस ह्यांनी १९२६ साली आयोवा संस्थानात संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी स्थापन केली, ती ह्याच तत्त्वावर. हे गृहस्थ पुढे त्या देशाचे उपाध्यक्ष झाले. भारतात ज्वारीचे ‘सीएसएच-१’ हे पहिले संकरित वाण १९६४ साली प्रसारित झाले. त्याच्या आदल्या वर्षी, १९६३ साली, केंद्र सरकारने राष्ट्रीय बीज निगम स्थापन केले होते. ज्वारी हे तर आपल्या मराठवाड्याचे मुख्य धान्य. म्हणजे ग्राहक दारात होता आणि वस्तू प्रयोगशाळेतून बाहेर पडत होती. मधला दुवा तेवढा उणा होता.

तो दुवा जोडणारे गृहस्थ आपल्याच मुलखातील. बद्रीनारायण बारवाले ह्यांचा जन्म १९३१ साली हिंगोलीस झाला. हिंगोली त्या काळी परभणी जिल्ह्यात होती. तिचा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. पुढे जालना ही बारवाल्यांची कर्मभूमी झाली. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेने तयार केलेल्या ‘पुसा सावनी’ ह्या भेंडीच्या बियाण्यापासून त्यांनी आरंभ केला, आणि १९६४ साली महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजेच सर्वांस परिचित असलेली ‘महिको’, जालन्यास स्थापन केली.

ह्या कंपनीचे पहिले धोरण नीट ध्यानात घेण्याजोगे आहे. संकरित वाण निर्माण करण्याचे काम त्या वेळी सरकारी संस्था करीत होत्या. महिकोने त्यात त्यांच्याशी स्पर्धा केली नाही. विपुल जमीनही खरेदी केली नाही. मूळ बी संस्थांकडून घ्यावे, बीजोत्पादन शेतकऱ्यांच्या शेतात करार करून करावे, आणि शुद्धता व उगवण ह्यांची जबाबदारी मात्र स्वतःकडे ठेवावी, अशी ही योजना होती. बीजोत्पादनाचे शेत इतर पिकांपासून ठराविक अंतरावर हवे. नर व मादी ओळी अचूक पेरल्या पाहिजेत. भेसळीची झाडे फुलोऱ्यापूर्वी उपटली पाहिजेत. कपाशीत तर प्रत्येक कळीतील पुंकेसर हाताने काढून दुसऱ्या दिवशी सकाळी परागकण लावावे लागतात. हे काम डोळ्यांत तेल घालून करणारी माणसे तयार करणे हेच खरे भांडवल होते. बी चांगले की वाईट हे पिशवीकडे पाहून कळत नाही. ते पेरल्यानंतर आणि हंगाम हातचा गेल्यानंतर कळते. अशा वस्तूच्या बाजारात दुर्मिळ असतो तो विश्वास. कंपनीने तो हाती ठेवला, बाकीचे इतरांवर सोपविले. जमीन शेतकऱ्याची, शास्त्र सरकारचे आणि नाव कंपनीचे, अशी ही वाटणी सर्वांनाच लाभदायक ठरली.

परंतु एकदा आखलेले धोरण कायमचे पुरत नाही. ‘पुसा सावनी’ भेंडीचा मोठा गुण म्हणजे पाने पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगास ती दाद देत नसे. काही वर्षांनी ती त्या रोगास बळी पडू लागली. तिची जागा घेणारे वाण कोठे तयार झाले? आपल्या परभणीस. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या मराठवाडा कृषि विद्यापीठाने ‘पुसा सावनी’चा एका रानटी जातीशी संकर करून ‘परभणी क्रांती’ हे रोगप्रतिकारक वाण १९८० च्या दशकात दिले. ज्या वस्तूवर धंदा उभारला ती वस्तू निसर्ग स्वतःच जुनी करून टाकतो, हा बियाण्याच्या व्यापारातील अटळ नियम ह्यातून दिसतो.

दुसरा बदल स्पर्धेचा होता. सार्वजनिक संस्थेचे वाण कोणासही वाढविता येते. १९७० साली सुरत येथील संशोधनकेंद्राने ‘एच-४’ हे कपाशीचे पहिले व्यापारी संकरित वाण दिले. पुढे नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचे ‘एनएचएच-४४’ मराठवाड्यात घरोघरी पोहोचले. १९७६ साली अकोल्यास महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ, म्हणजे ‘महाबीज’, स्थापन झाले. नागपूर, औरंगाबाद व जालना येथे खासगी कंपन्या निघाल्या. एकच वाण दहा जण विकू लागले म्हणजे चढाओढ किमतीवर येते आणि नफा आटतो. तेव्हा ज्या कंपन्यांना पुढे जावयाचे होते त्यांनी संशोधन स्वतःच्या हाती घेतले. महिकोनेही कपाशीत, ज्वारी-बाजरीत व भाजीपाल्यात स्वतःची वाणे काढली. जी गोष्ट पूर्वी दुसऱ्यावर सोपविणे शहाणपणाचे होते, तीच आता स्वतः करणे शहाणपणाचे ठरले.

तिसरे वळण सर्वांत मोठे. १९८८ सालच्या नव्या बियाणे धोरणाने आणि १९९१ नंतरच्या खुल्या अर्थव्यवस्थेने परदेशी कंपन्यांस भारताची दारे उघडी केली. त्यांच्यापाशी जनुकशास्त्र होते. आपल्या कंपन्यांपाशी येथील मातीस मानवणारी वाणे व गावोगावचे विक्रेते होते. झुंजावे, विकून मोकळे व्हावे, की हातमिळवणी करावी, असे तीन मार्ग होते. महिकोने तिसरा स्वीकारला. १९९८ साली अमेरिकेच्या मॉन्सँटो कंपनीने महिकोत २६ टक्के भाग घेतला आणि दोघांनी समसमान भागीची एक स्वतंत्र कंपनी काढली. बोंडअळीस मारक ठरणारे, मातीतील एका जिवाणूपासून घेतलेले जनुक कपाशीत आणले गेले. २६ मार्च २००२ रोजी केंद्र सरकारच्या समितीने महिकोच्या तीन बीटी वाणांस परवानगी दिली.

येथे धोरणाचा एक सूक्ष्म भाग आहे. भागीदार कंपनीने हे जनुक केवळ महिकोपुरते राखून ठेवले नाही. तामिळनाडूतील रासी, नागपूरचे अंकुर, आंध्रातील नुझिवीडू ह्या प्रतिस्पर्ध्यांसही ते परवान्याने दिले. प्रतिस्पर्धी ग्राहक बनले आणि प्रत्येक पाकिटामागे स्वामित्वशुल्क, म्हणजे व्यवहारात ज्याला रॉयल्टी म्हणतात ते, येऊ लागले. दहा-बारा वर्षांत देशातील कपाशीच्या नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर बीटी वाणे पसरली. परंतु ह्या यशाच्या पोटातच पुढील अडचणींची बीजे होती. रासी व नुझिवीडू ह्यांची वाणे शेतकऱ्यांच्या अधिक पसंतीस उतरली आणि ज्यांनी दार उघडले त्यांची स्वतःची आरंभीची वाणे मागे पडली. शिवाय नफ्याचा उगम आता जालन्याच्या शेतात राहिला नव्हता. तो एका पेटंटात व सरकारी परवानगीत जाऊन बसला होता.

ह्या दोन्ही ठिकाणी पुढे आघात झाले. आरंभी ४५० ग्रॅमच्या पाकिटास सुमारे १,६०० रुपये पडत. आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगापुढे तक्रार नेली आणि २००६ साली कमाल किंमत ७५० रुपयांवर आणली. इतर राज्यांनीही तो मार्ग धरला. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने किंमत-नियंत्रणाचा हुकूम काढला आणि २०१६ च्या हंगामासाठी दुसऱ्या पिढीच्या बीटी पाकिटास ८०० रुपये, व त्यात स्वामित्वशुल्क अवघे ४९ रुपये ठरविले. शुल्काच्या प्रश्नावरून परवानाधारक कंपन्यांशी न्यायालयीन तंटे झाले. २०१६ सालीच पुढील पिढीच्या बियाण्यासाठी केलेला परवानगीचा अर्ज महिकोने मागे घेतला.

दुसरा आघात निसर्गाचा. गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकास २०१० च्या सुमारास गुजरातेत दाद देईनाशी झाली. पुढे दुसऱ्या पिढीच्या बियाण्यासही ती सरावली. पाकिटाबरोबर साध्या कपाशीची १२० ग्रॅमची पुडी मिळे. अळीची प्रतिकारशक्ती सावकाश वाढावी म्हणून ती शेताच्या कडेने पेरावयाची होती. पुष्कळांनी ती पेरली नाही. भावाच्या आशेने फरदड घेण्याची प्रथा होतीच. उभ्या पऱ्हाटीवर अळीस उन्हाळ्यापर्यंत आसरा मिळाला. २०१७ च्या हंगामात मराठवाडा व विदर्भात बोंडेच्या बोंडे पोखरली गेली. परभणीच्या शेतकऱ्यांनी नुकसानभरपाईसाठी अर्ज लिहिले, आणि अनेकांनी कपाशीचे रान सोयाबीनखाली आणले. त्याच वर्षी जुलै महिन्यात बारवाले निवर्तले. १९९८ सालचा जागतिक अन्न पुरस्कार व २००१ सालचे पद्मभूषण त्यांना लाभले होते.

ह्या इतिहासाचा न्याय एकांगी करू नये. कंपनीच्या बाजूचे म्हणणे असे की, एक नवे वाण काढण्यास दहा-दहा वर्षे लागतात. किंमत सरकार ठरविणार असेल तर संशोधनावर पैसा कोण घालील? त्यात तथ्य आहे. शेतकऱ्याचे म्हणणे असे की, पाऊस, अळी आणि भाव ह्या तिन्हींची जोखीम मी घेतो. मग बियाण्याच्या किमतीत माझा विचार कोठे? त्यातही तथ्य आहे. परंतु दोन्ही बाजू ऐकल्यावर एक गोष्ट स्पष्ट दिसते. पहिल्या धोरणात कंपनी, बीजोत्पादक आणि बी पेरणारा ह्या तिघांचा लाभ एकाच दिशेने वाढत होता, म्हणून त्यास राजसत्तेचाही आधार मिळाला. तिसऱ्या धोरणात लाभाच्या वाटा फुटल्या. जनुकाचा मालक शुल्क पाही, बियाणे-कंपनी पाकिटांची संख्या पाही, शेतकरी पहिल्या वर्षीचे पीक पाही, आणि अळीच्या पुढच्या पिढीचा विचार करण्याचे काम कोणाचेच राहिले नाही. असे धोरण कितीही चतुर असले तरी त्याचा पाया कच्चाच राहतो.

आपल्या समाजातील तरुण आज धंद्यात उतरत आहेत. कोणी बीजोत्पादन कंपन्या काढीत आहेत, कोणी शेतमालावर प्रक्रिया करीत आहेत. त्यांनी भांडवल मोजण्यापूर्वी हे प्रश्न स्वतःस विचारावेत : आपल्या धंद्यातील दुर्मिळ वस्तू कोणती आणि ती आपल्या हाती आहे काय? आपला नफा दुसऱ्याच्या परवान्यावर किती अवलंबून आहे? आणि आपण मोठे होऊ तेव्हा आपला ग्राहकही आपल्याबरोबर मोठा होईल काय? भेंडीचे मूठभर बी घेऊन आरंभ करणाऱ्या हिंगोलीच्या एका मुलाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर अचूक ओळखले, म्हणून जालन्याचे नाव बियाण्यांच्या जगात सर्वत्र झाले. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे आपल्या भागातील पुढच्या पिढीने शोधावयाची आहेत. ती शोधण्याचे बळ त्यांना लाभो, हीच सदिच्छा.