झुरळाची वंशावळ



उंद्रीत विहीर खणताना जो काळा पाषाण लागतो, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. लाव्हाचा एक थर थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये तळी साचत, गाळ बसे. नागपूरजवळ टाकळी येथे स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर या पाद्र्यांनी असा गाळ धुंडाळला. तेथील कीटकांचे वर्णन अँड्र्यू मरे यांनी 1860 साली केले. परंतु हाती काय होते? मुख्यतः भुंग्यांच्या पाठीवरची कठीण कवचे. बाकीचा देह नाहीसा झालेला.

दगडात कीटकाचा पंख तेवढा टिकतो आणि पंखावरूनच माणसाने झुरळाची वंशावळ लिहावयास घेतली. युरोप-अमेरिकेतील 30 कोटी वर्षांपूर्वीच्या कोळशाच्या थरांत झुरळासारखे पंख विपुल मिळाले. तेव्हा झुरळ 30 कोटी वर्षे जसेच्या तसे आहे, असे जो तो म्हणू लागला. पुढे त्या जुन्या कीटकांच्या माद्यांना अंडी घालण्याची लांब नळी असल्याचे दिसले. आजच्या झुरळाची मादी अंडी डबीसारख्या कोशात घालते. तिला अशी बाहेर आलेली नळी नसते. म्हणजे ती खरी झुरळे नव्हेत. झुरळ, वाळवी आणि खंडोबाचा किडा या तिघांच्या घराण्याचे ते जुने आप्त होत.

सबंध देह हवा असेल तर तृणमण्याकडे वळावे लागते. झाडाची राळ ओघळते, तीत किडा अडकतो, राळ जमिनीत गाडली जाऊन कोट्यवधी वर्षांनी मण्यासारखी कठीण होते. आत मिशा, पायांवरचे काटे, पंखांच्या शिरा शाबूत. बाल्टिक समुद्राकाठच्या अशा मण्यांतील झुरळांची छाननी रॉबर्ट शेल्फर्ड यांनी 1910 साली प्रसिद्ध केली.

असा खजिना आपल्या शेजारीही निघाला. सुरत जिल्ह्यात वस्तान आणि तडकेश्वर येथे तपकिरी कोळशाच्या खाणी खोदल्या गेल्या. तो कोळसा आपल्याच काळ्या पाषाणाच्या वरच्या थरांत आहे. त्यातील राळ पाच कोटी वर्षांहून जुनी. भारत, जर्मनी व अमेरिका येथील संशोधकांनी 2010 साली तिच्यातील सातशेहून अधिक कीटकादी जीवांची माहिती दिली. भारत कोट्यवधी वर्षे बेटासारखा एकटा सरकत होता, तेव्हा येथील किडे जगावेगळे असावेत, अशी अपेक्षा होती. निघाले ते युरोप, आशिया आणि अमेरिकेतील किड्यांचे सोयरे! 2011 साली त्याच राळेतील वाळवीच्या जातींचे वर्णन झाले.

वाळवीला लोक पांढरी मुंगी म्हणत. शास्त्रानेही तिला बराच काळ स्वतंत्र गणात बसविले. पण लाकडात राहणाऱ्या एका झुरळाच्या पोटात वाळवीच्या पोटातल्यासारखेच सूक्ष्म जीव आढळले आणि 1934 साली दोहोंच्या नात्याची गोष्ट निघाली. ऑस्ट्रेलियातील एक वाळवी तर झुरळाप्रमाणे अंडी एकत्र चिकटवून घालते. 2007 साली आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीने निकाल दिला: वाळवी ही समाज करून राहणारे झुरळच आहे.

वर्गवारी हा शब्द मला प्रथम भेटला तो हजेरीपटावर. दहा वर्षे एकाच यंत्रावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या नावापुढे ‘बदली’ लिहिले की त्याची रजा गेली, निवृत्तीचा पैसा गेला. चुकीचा रकाना दुरुस्त करवून घ्यावयाचा तर पुरावा लागतो, हे आम्ही कामगार चळवळीत शिकलो. शास्त्राचा रकानाही पुराव्यानेच बदलतो, आणि तो बदलताना शास्त्रज्ञाला कमीपणा वाटत नाही, हे मला मोठे वाटते.

मात्र पुरावा राखला पाहिजे. खाण खोदतात ती इंधनासाठी. राळेचा जो तुकडा वेळीच वेचला नाही, तो कोळशाबरोबर जळून जातो. आणि त्याबरोबर कोणाच्या तरी वंशावळीचे एक पान.